बावीस डिसेंबर की तेवीस? : 'कॉल नॉर्थसाइड ७७७' पाहण्यापूर्वी

विल्यम लंडी हा शिकागोच्या पोलीस दलातला शिपाई. ९ डिसेंबर १९३२ रोजी तो साउथ ॲशलंड ॲव्हेन्यूवरच्या एका लहानशा दुकानात होता. दोन बंदूकधारी दुकान लुटायला आत शिरले, झटापट झाली आणि लंडी गोळ्या लागून मेला. त्याला मारणारे कोण होते, हे आजवर ठरलेलं नाही. 'कॉल नॉर्थसाइड ७७७' या १९४८ सालच्या चित्रपटाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यात लंडीच्या वाट्याला फार तर अर्धं वाक्य येतं. साहजिक आहे. चित्रपट त्याच्याबद्दल नाहीच. त्याच्या खुनाबद्दल जन्मभराची शिक्षा झालेल्या एका निरपराध माणसाबद्दल तो आहे. तरी मी सुरुवात लंडीपासूनच करतो, कारण चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खऱ्या खुन्याचा शोध त्याच दिवशी थांबतो. फाइल बंद होते. लंडीच्या घरच्यांना न्याय मिळाल्यासारखं वाटलं असेल, पण त्यांच्या हाती काहीच आलं नव्हतं. पोलिसांनी आपल्याच माणसाच्या खुनात हे केलं, ही गोष्ट चित्रपट पाहताना मनात असू द्यावी.

त्या वर्षी शिकागोत काय चाललं होतं ते थोडं सांगायला हवं. अमेरिकेत दारूबंदी अजून लागू होती. ती उठली डिसेंबर १९३३ मध्ये. मंदी ऐन भरात होती. आणि १९३३ च्या मे महिन्यात शहरात 'शतकाची प्रगती' नावाचं जागतिक प्रदर्शन भरणार होतं. अल कपोनच्या टोळीमुळे आधीच बदनाम झालेल्या शहरात भर दुकानात पोलीस मारला जातो आणि मारेकरी सापडत नाहीत, हे कुणालाच परवडणारं नव्हतं. ज्या दुकानात खून झाला ते वरवर खाद्यपदार्थांचं होतं, पण मागे चोरून दारू विकली जात होती. म्हणजे खुनाची मुख्य साक्षीदार, त्या दुकानाची मालकीण, स्वतः पोलिसांच्या मेहेरबानीवर धंदा करत होती. या प्रकरणाचं सगळं मर्म मला या एका गोष्टीत दिसतं. पोलिसांना आरोपी हवा होता, आणि ज्या बाईच्या शब्दावर तो मिळणार होता तिला आत टाकणं त्यांच्याच हातात होतं.

पकडले गेले ते जोसेफ मायचेक आणि थिओडोर मार्चिन्केविच. दोघे पोलिश वस्तीतले, गरीब घरचे तरुण. खुनाच्या सुमारास मार्चिन्केविच मायचेकच्या घरी राहायला आला होता, आणि पोलीस मार्चिन्केविचच्या शोधात मायचेकच्या दारापर्यंत पोहोचले. दुकानाच्या मालकिणीने सुरुवातीला मायचेकला ओळखलं नाही. नंतर ओळखलं. १९३३ मध्ये दोघांना नव्व्याण्णव वर्षांची शिक्षा झाली. पोलिसाचा खून करणाऱ्याला इलिनॉयमध्ये तेव्हा विजेची खुर्ची हीच शिक्षा बहुतेक ठरलेली असे. तिथे हे दोघे जिवंत कसे राहिले? खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाला त्यांच्या अपराधाबद्दल शंका होती, त्याने मायचेकला नव्या खटल्याचं आश्वासनही दिलं होतं, आणि मग ते पाळलं गेलं नाही, असं पुढे उजेडात आलं. काही वर्षांत तो न्यायाधीश वारला. आश्वासन त्याच्याबरोबर गेलं.

मायचेकची आई टिली रात्री कचेऱ्यांच्या फरशा पुसत असे. अकरा वर्षं तिने पैसे साठवले. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'शिकागो टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत तिने एक जाहिरात दिली: लंडीच्या खऱ्या मारेकऱ्यांचा पत्ता देणाऱ्याला पाच हजार डॉलरचं बक्षीस, आणि खाली दूरध्वनी क्रमांक. ती जाहिरात वृत्तपत्राच्या कचेरीतच कुणाच्या तरी नजरेला पडली. फरशा पुसणाऱ्या बाईकडे पाच हजार डॉलर आले कुठून, हा पत्रकाराला पडणारा पहिला प्रश्न. जेम्स मॅग्वायर हा बातमीदार तिला भेटायला गेला. अमेरिकी वृत्तपत्रांत तेव्हा कामाची वाटणी ठरलेली असे: एक जण पायपीट करून माहिती गोळा करणार, दुसरा कचेरीत बसून ती लिहिणार. मॅग्वायरने माहिती आणली, जॅक मॅकफॉल याने लिहिली. आधी हा नुसता मायेचा मजकूर होता. आई, मुलगा, तुरुंग. मग मॅग्वायरने जुनी कागदपत्रं उकरली आणि मजकुराचा रंग बदलला. १५ ऑगस्ट १९४५ रोजी इलिनॉयचे राज्यपाल ड्वाइट ग्रीन यांनी मायचेकला निर्दोष म्हणून माफी दिली आणि तो सुटला. जपानच्या शरणागतीची बातमी जगभर पसरली होती ते हे दिवस.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने या हकिकतीवर चित्रपट काढायचं ठरवलं, यात नवल नाही. हा काळ अमेरिकी सिनेमात सत्यघटनेवरच्या, खऱ्या जागी जाऊन चित्रित केलेल्या गुन्हेपटांचा होता. या चित्रपटाचे दिग्दर्शक हेन्री हॅथवे यांनीच १९४५ मध्ये 'द हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट' काढून या पद्धतीची वाट रुळवली होती. एलिया कझानचा 'बूमरँग' १९४७ सालचा. तोही खुनाचा खोटा आळ आलेल्या माणसाचाच आहे, आणि तोही कनेक्टिकटमधल्या एका खऱ्या खटल्यावर आधारलेला. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झालेला ज्यूल्स डॅसिनचा 'द नेकेड सिटी' आणि 'कॉल नॉर्थसाइड ७७७' एकाच वर्षीचे. निवेदकाचा खणखणीत आवाज, नकाशे, तारखा, शहराचा इतिहास हे या चित्रपटांचं नेहमीचं सामान. हॅथवे तर थेट १८७१ च्या शिकागोच्या महाआगीपासून सुरुवात करतात. आजच्या प्रेक्षकाला हे निवेदन जरा जड वाटतं, मलाही वाटतं. पण दहा मिनिटं धीर धरावा. एकदा कॅमेरा रस्त्यावर उतरला की ते शहर बोलायला लागतं.

नावं बदलली आहेत. जोसेफ मायचेकचा फ्रँक वीचेक झाला, मार्चिन्केविचचा टोमेक झालेस्का. लंडीचा बंडी झाला. दुकानाची मालकीण इथे वांडा स्कुटनिक आहे. मॅग्वायर आणि मॅकफॉल या दोघांचा मिळून एक मॅकनील झाला, आणि ती भूमिका जेम्स स्टुअर्टने केली. महायुद्धात बाँबफेकी विमानांचं सारथ्य करून स्टुअर्ट परतला होता. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ मध्ये तिकीटबारीवर फारसा चालला नव्हता. लोकांना त्याचा साधाभोळा, अडखळत बोलणारा चांगला माणूस पाहायची सवय होती. इथे तो रुक्ष आहे. कामाला वैतागलेला, कुणावर सहज विश्वास न ठेवणारा बातमीदार. टिलीकडे पहिल्यांदा जातो तेव्हा तिचा मुलगा निर्दोष असेल असं त्याला अजिबात वाटत नाही, आणि तो ते लपवतही नाही. त्याचा संपादक केली याच्या भूमिकेत ली जे. कॉब आहे. हाच कॉब नऊ वर्षांनी 'ट्वेल्व्ह ॲन्ग्री मेन'मध्ये आरोपीला दोषी ठरवण्यासाठी शेवटपर्यंत अडून बसलेला ज्यूरर झाला. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहायला मिळाले तर जरूर पाहावेत. फ्रँक झालेला रिचर्ड कॉन्टे आपल्याकडे 'द गॉडफादर'मधला बार्झिनी म्हणून ओळखीचा आहे. आणि टिलीचं काम करणाऱ्या काशा ओर्झाझेव्स्की यांचं नाव फार कुणाला ठाऊक नसेल, पण गुडघे टेकून फरशी पुसता पुसता त्या मॅकनीलशी बोलतात ते दृश्य चित्रपटाचा पाया आहे. त्या रडत नाहीत. किती वर्षं, किती पैसे, कशासाठी, एवढंच सांगतात. समोर उभा असलेला माणूस आपल्यावर विश्वास ठेवत नाही हे त्यांना दिसतं, तरी त्या बोलत राहतात.

हॅथवेंचे छायालेखक होते जो मॅकडोनल्ड. या चित्रपटातला बराच अंधार त्यांचा आहे: कत्तलखान्यांच्या मागच्या पोलिश वस्तीतले दारूचे गुत्ते, पोलीस ठाण्यांतल्या जुन्या दप्तरांच्या खोल्या, जिन्यांवरचा एकेक पिवळट दिवा. पण ज्या चित्रांसाठी हा चित्रपट लक्षात राहतो ती जोलिएटजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातली आहेत. तुरुंगातली ती गोल इमारत खरी आहे. मधोमध पहारेकऱ्याचा मनोरा, भोवती चार मजले कोठड्या, सगळ्यांची तोंडं मनोऱ्याकडे. जेरेमी बेंथमने अठराव्या शतकाच्या शेवटी असा तुरुंग कल्पिला होता: एकाच माणसाला सगळे कैदी दिसावेत, आणि आपल्यावर नजर आहे की नाही हे कैद्याला कधी कळू नये. स्टेटव्हिलची ही इमारत २०१६ मध्ये बंद झाली. चित्रपटात ती चालू तुरुंग म्हणून दिसते. खरा मायचेक याच तुरुंगात होता. कॅमेरा मनोऱ्याजवळून वर फिरतो तेव्हा काहीही नाट्य घडत नसतं, तरी नव्व्याण्णव वर्षं म्हणजे काय हे समजतं.

आता वांडाकडे आणि तारखेकडे येतो. शीर्षकात मी तारीख घातली आहे ती यासाठी की या प्रकरणाचा सगळा निकाल एका दिवसाच्या फरकावर अवलंबून आहे, आणि तो फरक आधी नीट समजला तर चित्रपटाचा उत्तरार्ध कित्येक पटींनी चांगला लागतो.

मायचेकला पोलिसांनी पकडलं २२ डिसेंबर १९३२ रोजी. पण अटकेच्या नोंदवहीत तारीख पडली २३ डिसेंबर. मधला एक दिवस कागदावर अस्तित्वातच नव्हता. का? कारण त्या दिवशी साक्षीदार बाईने त्याला पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओळखलं. न्यायालयासमोर फक्त हा दुसरा दिवस गेला. पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच ओळखलं, असं चित्र ज्यूरींपुढे उभं राहिलं. अशा साक्षीचं वजन मोठं असतं. आरोपीशी वैर नसलेली, आपल्या डोळ्यांनी खून पाहिलेली बाई बोट दाखवते. तिथे बचावाचा वकील किती बोलणार?

माणूस चेहरा पाहतो, विसरतो, मग तोच चेहरा पुन्हा समोर येतो तेव्हा ओळखीचा वाटतो. कुठे पाहिला हे मात्र आठवणीतून निसटतं. पोलीस ठाण्याच्या पडवीत दिसलेला चेहरा दुसऱ्या दिवशी दुकानात दिसलेला वाटू शकतो, आणि सांगणाऱ्याला ते खोटं वाटतही नाही. भीती असेल, समोर पोलीस उभे असतील, तर हे आणखी सहज घडतं. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक एडविन बोरचार्ड यांनी निरपराधांना झालेल्या शिक्षांची पासष्ट प्रकरणं गोळा करून पुस्तक काढलं ते १९३२ मध्ये, म्हणजे लंडीचा खून झाला त्याच वर्षी. चुकीची ओळख हे त्यातलं मोठं कारण होतं. पुढे १९९२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'इनोसन्स प्रोजेक्ट'ने डीएनए चाचणीच्या आधारे निर्दोष ठरलेल्या कैद्यांचे खटले तपासले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक खटल्यांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलेलं निघालं. त्यातले बहुतेक साक्षीदार खोटारडे नव्हते.

चित्रपटातली वांडा मात्र वेगळी आहे. बेटी गार्ड या रंगभूमीवरच्या मातब्बर नटीने ती उभी केली आहे, 'ओक्लाहोमा!' या गाजलेल्या संगीत नाटकात पहिली आँट एलर यांनीच केली होती. मॅकनील गुत्त्यागुत्त्यांतून वांडाला शोधत फिरतो, अखेर एका गलिच्छ खोलीत ती सापडते, आणि ती काहीही कबूल करत नाही. पैशाला बधत नाही, विनवणीला बधत नाही. तिच्या तोंडावर राग आहे, आणि रागाच्या मागे भीती. इतक्या वर्षांनी आपण चुकलो असं म्हणायचं तर एका माणसाचं आयुष्य आपण मातीत घातलं हेही कबूल करावं लागेल. हॅथवेंनी तिला खलनायिका करून सोडलं, हे मला पुरेसं न्याय्य वाटत नाही. तिच्यावर दबाव आणणारे लोक चित्रपटात फार पुसट राहतात. दबाव आणणारी व्यवस्था एका दारूड्या, हट्टी बाईच्या आड लपून जाते. पण गार्ड यांच्या अभिनयामुळे ती बाई पूर्ण काळी होत नाही, हेही खरं.

याहून मोठी तक्रार शेवटाबद्दल आहे. कथा आधी सांगून टाकतो आहे असं कुणाला वाटेल, पण हा रहस्यपट नाही. फ्रँक सुटणार हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. चित्रपटात माफी मंडळापुढे सुनावणी असते आणि मॅकनीलकडे सगळं असूनही पुरावा असा काही नसतो. मग त्याला एक जुनं वृत्तपत्री छायाचित्र सापडतं. त्यात वांडा आणि फ्रँक पोलीस ठाण्यात शिरताना दिसतात, आणि मागे एक पेपरवाला पोरगा हातात अंक घेऊन उभा आहे. ते चित्र शेकडो पटींनी मोठं करायचं, अंकावरची तारीख वाचायची, आणि तारेवरून छायाचित्र पाठवणाऱ्या यंत्राने ते राजधानीला धाडायचं. कागद यंत्रातून हळूहळू बाहेर येतो, सगळे वाकून पाहतात, तारीख दिसते: २२ डिसेंबर. प्रसंग पकड घेणारा आहे यात शंका नाही. पण तो घडलेला नाही. खऱ्या मायचेकला कोणत्याही छायाचित्राने सोडवलं नाही. त्याला सोडवलं जुन्या नोंदवहीतल्या तारखांनी, साक्षीतल्या विसंगतींनी, त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या निवेदनाने आणि रोज छापून येणाऱ्या मजकुरामुळे राज्यकर्त्यांवर आलेल्या दडपणाने. या गोष्टी पडद्यावर दाखवायला कंटाळवाण्या आहेत, पण त्याच खऱ्या होत्या. सत्य कुठल्या तरी भिंगाखाली एका क्षणात लखलखून समोर येतं, असा दिलासा चित्रपट देतो. टिलीला अकरा वर्षं असा दिलासा कुणी दिला नव्हता. म्हणून माझी विनंती आहे की शेवटच्या त्या यंत्रापेक्षा आधीच्या एका साध्या दृश्याकडे जास्त लक्ष द्यावं. मॅकनील पोलिसांच्या दप्तरखान्यात अटकेची नोंदवही मिळवतो आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने लहान कॅमेऱ्याने तिचं पान टिपतो. खरं काम तिथे झालं.

यंत्रावरचा हाच विश्वास चित्रपटात आणखी एका ठिकाणी आहे. फ्रँकची खोटेपणा पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी होते, आणि तपासणारा माणूस नट नाही. तो खरोखरचा लेनार्ड कीलर आहे, या यंत्राला व्यवहारात आणणाऱ्यांपैकी एक. श्वास, रक्तदाब, त्वचेतला विजेचा प्रवाह, कागदावर धावणाऱ्या सुया. कीलर ते सगळं शांतपणे, शिक्षकासारखं समजावून सांगतो. १९४८ च्या प्रेक्षकाला हे विज्ञानाचं दर्शन होतं. आज आपल्याला माहीत आहे की हे यंत्र भीती आणि खोटं यांत फरक करू शकत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात स्पष्ट सांगितलं की संशयिताच्या मर्जीविरुद्ध पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेलं संरक्षण आहे. फ्रँक त्या यंत्राला स्वतःहून सामोरा जातो, कारण सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे उरलेलं नाही. निर्दोष माणूस अशा चाचणीत सहज पास होईलच असं नाही, हे मनात ठेवून ते दृश्य पाहिलं तर कॉन्टेच्या चेहऱ्यावरचा घाम वेगळा दिसतो.

वृत्तपत्राच्या बाबतीत चित्रपट प्रामाणिक आहे, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. मॅकनीलला सुरुवातीला खप हवा असतो. फ्रँकने मुलाला बापाच्या नावाचा डाग लागू नये म्हणून बायकोला घटस्फोट घ्यायला लावलेलं असतं. तिने पुन्हा लग्न केलेलं असतं, मुलाला नवं नाव मिळालेलं असतं. मॅकनील त्या बाईचं आणि मुलाचं छायाचित्र छापतो. फ्रँक तुरुंगातून त्याला सांगतो की हे सगळं थांबव, मला बाहेर यायचं नाही. चांगल्या हेतूने केलेली पत्रकारिता माणसांचं खाजगी आयुष्य कसं तुडवते, हे इतक्या जुन्या चित्रपटात इतक्या सरळपणे सांगितलेलं मी क्वचित पाहिलं आहे. इथून मॅकनील बदलतो. त्याला वाटू लागतं की सुटकेपेक्षा मुलाची काळजी करणारा माणूस बहुधा खरं बोलत असावा.

शिकागोची ही जुनी हकिकत मराठी वाचकाला लांबची वाटू नये. आपल्याकडे बातम्यांत आरोपीला न्यायालयात नेताना त्याच्या डोक्यावर काळं कापड टाकलेलं दिसतं. अनेकांना वाटतं ते लाजेपोटी. ते असतं ओळखपरेडसाठी. साक्षीदाराने परेडच्या आधी आरोपीला पाहिलं, मग ते ठाण्यात असो की वृत्तवाहिनीवर, तर परेडमधल्या ओळखीला अर्थ राहत नाही. वांडाचा प्रश्न आणि त्या काळ्या कापडाचा प्रश्न एकच आहे. आणि कापड टाकूनही चुका होतात. नाशिक जिल्ह्यात २००३ साली दरोडा, बलात्कार आणि खुनांचं एक भयानक प्रकरण घडलं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षं त्यांनी तुरुंगात काढली होती, त्यांतली बरीच फाशीच्या छायेत. पहिल्यांदा कुणाला ओळखलं आणि दुसऱ्यांदा कुणाला, हाच तो शिकागोचा प्रश्न. दोन्ही ठिकाणी माणसं गरीब होती आणि त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. आपल्या विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करावा अशी शिफारस केली. असा सर्वंकष कायदा त्या सहा जणांच्या सुटकेच्या वेळी अस्तित्वात नव्हता. त्यांना जे मिळालं ते न्यायाधीशांच्या मनावर होतं.

इलिनॉयने मायचेकला विधिमंडळात खास ठराव करून चोवीस हजार डॉलर दिले. त्या राज्याचा पुढचा इतिहास याच धाग्याने चालत राहिला. फाशीच्या कोठडीतून एकामागून एक निर्दोष माणसं सुटू लागली, तेव्हा २००० मध्ये राज्यपाल जॉर्ज रायन यांनी फाशी स्थगित केली. जानेवारी २००३ मध्ये पद सोडताना त्यांनी फाशीच्या कोठडीतल्या सगळ्यांची शिक्षा कमी केली, आणि २०११ मध्ये राज्याने मृत्युदंडच रद्द केला. मायचेक आणि मार्चिन्केविच यांना १९३३ मध्ये विजेच्या खुर्चीवर बसवलं असतं, तर टिलीने जाहिरात कशासाठी दिली असती?

शेवटी टोमेक. चित्रपट पाहताना त्याला नजरेआड होऊ देऊ नये, कारण चित्रपट स्वतः त्याला नजरेआड करतो. जॉर्ज टाइन या नटाच्या वाट्याला थोडीच मिनिटं आली आहेत. मॅकनील तुरुंगात टोमेकला भेटतो आणि सुचवतो की खऱ्या साथीदाराचं नाव सांगितलंस तर तुझी लवकर सुटका होऊ शकेल. टोमेकपुढे सोपी वाट आहे. कुणाचंही नाव घेतलं तर सुटण्याची आशा आहे. तो म्हणतो की मी तिथे नव्हतो, तर नाव कुणाचं सांगू? सगळ्या चित्रपटात निर्दोषपणाचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि तो कुठल्याही यंत्रातून आलेला नाही. तरीही शेवटी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो तो एकटा फ्रँक. बाहेर मुलगा उभा असतो, घटस्फोटित बायकोचा भला नवरा उभा असतो, मॅकनील असतो. दार बंद होतं तेव्हा टोमेक आत आहे, आणि निवेदक त्याच्याबद्दल बोलत नाही. दोघांना एकाच साक्षीवर शिक्षा झाली होती. ती साक्ष फ्रँकबाबत खोटी ठरली तर टोमेकबाबत खरी कशी राहते, हे कुणी विचारत नाही.

वृत्तपत्राला एका आईची गोष्ट हवी होती, आणि ती आई मायचेकची होती. थिओडोर मार्चिन्केविचसाठी कुणी जाहिरात दिली नव्हती. तो सुटला १९५० मध्ये, मायचेकनंतर पाच वर्षांनी आणि हा चित्रपट गाजून गेल्यावर दोन वर्षांनी. राज्याने त्याला पस्तीस हजार डॉलरची भरपाई दिली ती १९६५ मध्ये.